यमकाचं निमित्त

भाच्याने कागद पुढे केला तेव्हा माझ्या हातात पोह्यांची बशी होती आणि वर जिरावण, म्हणजे आमचा इंदुरी मसाला, जरा जास्तच पडलं होतं. मला जो ठसका लागला तो जिरावणाचा की कवितेचा, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही.

कागदावर सोळा ओळी. पहिल्या दोन अशा:

उठा रे पोरांनो, अन्यायाशी लढा,
या व्यवस्थेला शिकवू या धडा.

“कविता केलीस?”

“व्हर्स आहे, मामा. सोळा बार.”

एक बार म्हणजे चार ठोके, हे त्याने टेबलावर बोटं आपटून दाखवलं. सोळा बार म्हणजे चौसष्ट ठोके. मिनिटाला नव्वद ठोक्यांची बीट असली की सगळं ४३ सेकंदांत संपतं. मी जन्मभर लोकांचे हिशेब लिहिले, त्यामुळे हे गणित मला फार आवडलं. ४३ सेकंदांत काय सांगायचं ते सांगा आणि खाली बसा. आमच्याकडच्या अध्यक्षीय भाषणांना ही अट घालायला हवी.

भाचा एकोणीस वर्षांचा आहे, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. रॅप करतो, एरवी हिंदीत. त्याचं रॅपमधलं नाव इथे देत नाही, कारण ते त्याच्या आजीला उच्चारता येत नाही आणि तिने आक्षेप नोंदवलेला आहे. या वेळी तो मराठीकडे वळला त्याचं कारण गणपती. आमच्या मंडळाच्या सांस्कृतिक कार्यक्रमात त्याला चार मिनिटं मिळण्याची शक्यता होती आणि इंदूरात राहून आम्ही एक नियम कसोशीने पाळतो: मंचावर फक्त मराठी. मंचावरून उतरल्यावर सगळे “क्या भिया” करतात तो भाग वेगळा. मी त्या मंडळाच्या समितीत आहे. अर्थात हिशेबाला.

विषय त्याने सफाई कामगारांचा घेतला होता. इंदूरात हा विषय सोपा नाही. २०१७ साली देशातल्या स्वच्छ शहरांत आमचा पहिला नंबर आला आणि मग तो वर्षानुवर्षं येतच राहिला. सकाळी कचरागाडी येते ती गाणं वाजवत येते, नंबर वनचं. अंगणवाडीतल्या पोरांपासून पेन्शनरांपर्यंत सगळ्यांना ते पाठ आहे. मी स्वतः दाढी करताना ते गुणगुणताना पकडला गेलो आहे. राजकीय गाणं म्हणजे फक्त विरोधाचं गाणं असं ज्यांना वाटतं त्यांनी आठ दिवस आमच्याकडे राहायला यावं.

मी बशी बाजूला ठेवली आणि चष्मा लावला. “हे बघ, ‘लढा’ म्हटलं की ‘धडा’ येणार हे समोरच्याला तू तोंड उघडायच्या आधी कळतं. मग त्याने ऐकायचं कशाला?”

“मुद्दा महत्त्वाचा आहे ना पण.”

“मुद्दा पेपरात रोज येतो.”

त्याने कागदाची घडी केली. हे मी अगदी योग्य बोललो असं मला तेव्हा वाटलं. अजूनही वाटतं. घोटाळा पुढे झाला.

आमच्या घरात यमकाची चाड आजोबांपासून आली. आजोबा मोरोपंतांचे भक्त. रविवारी दुपारी सुपारी कातरत बसायचे आणि अडकित्त्याच्या ठेक्यावर आर्या म्हणायचे: बारा मात्रा, कट्, अठरा मात्रा, कट्. आम्हा मुलांना मात्रा मोजायला लावायचे आणि चुकलं की सुपारी नाही. मोरोपंतांनी १०८ रामायणं रचली, हे मला पाढ्यांच्या आधी ठाऊक होतं. त्यातलं एक निरोष्ठ रामायण. ओठाला ओठ लावून जी अक्षरं निघतात ती सगळी वर्ज्य. प नाही, ब नाही, म नाही. आता गंमत बघा. म नाही म्हणजे ‘राम’ म्हणता येत नाही. अख्खं रामायण, आणि रामाचं नाव घ्यायची सोय नाही. लहानपणी मला हा निव्वळ रिकामटेकडा खेळ वाटायचा. आजोबांना विचारलं तर म्हणाले, “नाव घेतल्याशिवाय ज्याला सांगता येतं, त्याला सांगता येतं.” आणि कट्.

भाच्याला हे सांगितलं तेव्हा त्याचे डोळे मोठे झाले. रॅपवाल्यांतही असे लोक आहेत म्हणे. फक्त यमकांवर यमकं रचत जातात, ओळीच्या टोकाला नव्हे तर पोटात, एकेका शब्दाची तीन-तीन अक्षरं जुळवत. ऐकणारा थक्क होतो आणि घरी जाताना त्याच्या हातात काही नसतं. त्यांच्यातला जुना वाद हाच: गाण्यात काय सांगितलं ते मोठं, की कसं रचलं ते? एका बाजूला पब्लिक एनिमी या ग्रुपसारखे लोक, १९८९ साली सत्तेशी झुंजायला सांगणारे. दुसऱ्या बाजूला रकीम, जो आधी सॅक्सोफोन वाजवायचा. १९८७ साली त्याचा पहिला अल्बम आला तेव्हा ओळीच्या मध्यात, बीटच्या आगेमागे यमक टाकण्याची त्याची रीत ऐकून बाकीच्यांना आपापल्या वह्या पुन्हा उघडाव्या लागल्या. मी विचारलं, दोन्ही करणारा कोणी नाही का? तर म्हणाला, केंड्रिक लमार. २०१८ साली संगीताचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. शास्त्रीय आणि जॅझ सोडून ते बाहेर जाण्याची ती पहिलीच वेळ. आणि त्याच माणसाच्या २०१५ सालच्या गाण्याचं पालुपद अमेरिकेतल्या मोर्च्यांत लोक रस्त्यावर ओरडत होते.

“पालुपदच ना? कडवी नाही?”

“कडवी कोणाला येतात!”

आरतीसारखंच. ‘जय देव जय देव’ला मांडव हादरतो, आणि मधल्या ओळींना सगळे ओठ हलवतात.

पोवाडा म्हणजे आपला रॅप, असं मी त्याला सांगणार होतो. पण हे वाक्य गेल्या पाच-सहा वर्षांत मराठी मंडळांच्या इतक्या व्यासपीठांवरून ऐकलं आहे की तोंडाशी आल्यावर गिळलं. शिवाय ते अर्धंच खरं आहे. शाहिराचं नाव शेवटच्या कडव्यात येतं, तेही ‘अमुक शाहीर म्हणे’ इतकंच. ही पोरं सुरुवातच स्वतःच्या नावाने करतात आणि पुढची चार मिनिटं आपल्यासारखा दुसरा झाला नाही हे पटवतात. पोवाड्यापेक्षा मला तो वाद जवळचा वाटला. यमक्या वामन म्हणून वामन पंडितांची आपण थट्टा केली, आणि ‘सुश्लोक वामनाचा’ म्हणून त्यांनाच पहिल्या पाटावर बसवलं. आपलंही काही ठरलेलं नाही.

त्याला मी राम जोशींची एकच ओळ म्हणून दाखवली, आजोबांच्या ठेक्यात, टेबलावर चमचा आपटत. ‘हटातटाने पटा रंगवुनि जटा धरिशी का शिरी.’ त्याने मला थांबवलं, फोनवर बीट लावली, आणि “परत” म्हणाला. पेशवाईच्या शेवटाकडचा शाहीर, सोलापूरचा, ढोंगी साधूला धुतोय. हटा, तटा, पटा, जटा एकेका ठोक्यावर अशी पडत होती की भाच्याने तोंडावर हात ठेवला. “मामा, हा माणूस डिस करतोय!” डिस म्हणजे त्यांच्यात गाण्यातून समोरच्याची उतरवणं. हो. आणि त्या ट-ट-टमध्येच साधूच्या पाठीवर काठी बसतेय. तिथे अर्थ वेगळा आणि नाद वेगळा करून दाखवा.

हे सगळं मी रात्री माझ्या मित्राला सांगितलं आणि वाद खरा तिथे पेटला.

मित्र परदेशीपुऱ्यात, इंदूरच्या मिल-कामगारांच्या वस्तीत वाढलेला. वडील मिलमध्ये होते, साच्यावर. इंदूरच्या मिली एकेक करून बंद पडल्या आणि थकलेल्या देण्यांसाठी कामगारांनी किती वर्षं वाट पाहिली हे इथल्या कोणालाही विचारा. काहींच्या बाबतीत हिशेब दशकांत करावा लागतो आणि पैसे हातात यायच्या आधी बरेच जण गेलेले असतात. गेटवरच्या सभेत त्याचे वडील गायचे. चाल एकच, शब्द रोजचे.

“आणि यमक?” मी विचारलं.

“जुळलं तर जुळलं. तू काय पोराला सुपारी नाकारतोयस? तिकडे महाराष्ट्रात २०२३ साली रॅप केलं म्हणून दोन पोरांवर गुन्हे दाखल झाले. ज्याच्या दारात पोलीस येतात त्याला यमक विचारू नये.”

हे वाक्य बिनतोड होतं. मी तरी अण्णा भाऊ साठेंना मध्ये आणलं, कारण त्याचा तो कच्चा दुवा आहे. म्हटलं, ‘माझी मैना’ घे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली छक्कड, यापेक्षा राजकीय गाणं दाखव. पण सुरुवातीला लढा आहे कुठे? मुंबईत पोटासाठी आलेला एक माणूस गावी राहिलेल्या बायकोसाठी झुरतोय. तिचं रूप, तिचं बोलणं, निघतानाचा तिचा चेहरा. ऐकणारा कामगार त्यात पुरता बुडाला, स्वतःच्या बायकोची आठवण येऊन गप्प झाला, की मग शेवटाकडे अण्णा भाऊ हळूच म्हणतात, हीच गत खंडित महाराष्ट्राची. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव. ती मैना कोण होती ते तेव्हा कळतं. हे आधी सांगितलं असतं तर भाषण झालं असतं.

मित्र थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “पण त्यांना सांगायचं काय ते आधी माहीत होतं. तुझ्या मोरोपंताला काय सांगायचं होतं, एकशे आठ वेळा?”

(आमचं इंदूर त्या यादीत नव्हतंच, हेही त्याने जाता जाता ऐकवलं. आम्हाला कोणी मागितलं नाही.)

त्या आठवड्यात भाच्याने मला एक गाणं ऐकवलं, ‘द मेसेज’, १९८२ सालचं. हिप-हॉपमधलं पहिलं मोठं सामाजिक गाणं म्हणून ते सगळीकडे सांगितलं जातं. हिप-हॉपचा जन्म राजकीय नव्हता, हे मला तोवर कळलं होतं. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कचा ब्राँक्स भाग, सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीतला हॉल. बहिणीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते, म्हणून तिने तिकीट लावून पार्टी ठेवली आणि भाऊ, कूल हर्क, तबकड्या लावायला बसला. गाण्यातला नुसत्या ढोलकाचा जो तुकडा येतो, ज्यावर लोक जास्त नाचतात, तो दोन तबकड्यांवर आलटून पालटून त्याने लांबवत नेला. एवढंच. पुढे कित्येक वर्षं रॅप म्हणजे पार्टी, फुशारकी, हात वर करा. ‘द मेसेज’ रेकॉर्ड करायला खुद्द ते गाणाऱ्या ग्रुपमधलेच लोक नाखूष होते, कारण नाचायला आलेल्यांना फुटक्या काचा आणि उंदीर कोण ऐकवणार? रेकॉर्ड कंपनीच्या मालकीणबाई सिल्व्हिया रॉबिन्सन मागे लागल्या म्हणून ते झालं, आणि ज्या ग्रँडमास्टर फ्लॅशचं नाव गाण्यावर आहे त्याचा गाण्यात जवळजवळ हातच नाही.

पण मला धरून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीने. त्या गाण्याचं शेवटचं कडवं सगळ्यांत भेदक आहे: वस्तीत जन्मलेलं एक मूल, त्याचं वाढणं, तुरुंग, शेवट. मेली मेल नावाच्या रॅपरचं. ते कडवं त्या गाण्यासाठी लिहिलेलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी, १९७९ साली, त्यांच्याच एका लांबलचक पार्टीच्या रेकॉर्डमध्ये ते येऊन गेलं होतं. तेच शब्द. लोक त्यावर नाचले.

मी ती दोन्ही गाणी पाठोपाठ ऐकली. १९७९ मध्ये बीट धावतेय आणि कडवं तिच्या मागे धापा टाकत जातं. एका रॅपरच्या तोंडातून ते संपतं न संपतं तोच दुसरी फुशारकी सुरू. १९८२ मध्ये चाल मंदावली आहे. शब्दाच्या मागे मोकळी जागा आहे. आणि ते शेवटी येतं, आधीची सगळी वस्ती डोळ्यांसमोर उभी राहिल्यावर. मजकूर जिथल्या तिथे होता. त्याला ऐकू येण्याची जागा मिळायला तीन वर्षं लागली.

हे मी लगेच मित्राला फोन करून सांगितलं, विजयी मुद्रेने. तो म्हणाला, “बरोबर आहे. पण ते कडवं १९७९ साली पार्टीत म्हणायची कोणाला तरी गरज वाटली होती ना?” आणि फोन ठेवला.

मग समितीची बैठक झाली. गणपतीच्या बैठकीत वर्गणी, मांडव आणि अथर्वशीर्षाची वेळ यावरच दोन तास जातात, त्यामुळे सांस्कृतिक कार्यक्रम नेहमी चहानंतर. भाच्याचं नाव निघालं. विषय काय म्हणून कोणी विचारलं. मी सांगितला. एक-दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणी काही बोललं नव्हतं अजून, पण काय बोलणार ते मला ठाऊक होतं: सगळ्या पक्षांचे लोक आरतीला येतात, वर्गणी देतात, आपल्याला कशाला, सणासुदीचं काहीतरी छान.

आणि त्यांना ते म्हणावं लागू नये म्हणून मीच म्हणालो, “विषयाचं सोडा, यमकं कच्ची आहेत. पुढच्या वर्षी बघू.”

खोलीतला ताण गेला. कोणाचं मन दुखावलं नाही, कोणावर बंदी आली नाही, मंडळाची अभिरुची शाबूत राहिली. मला आपण फार शहाणे आहोत असं वाटलं. घरी येताना राजवाड्यापाशी थांबून पान खाल्लं.

बैठकीनंतर नवव्या दिवशी भाचा नवीन कागद घेऊन आला. रात्री सराफ्यात जाऊन बसत होता म्हणे, तीन रात्री. दिवसा तिथे सोनं विकलं जातं, दुकानं मिटली की त्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस, रबडी, आणि मध्यरात्र उलटेपर्यंत माणसांचा पूर. पूर ओसरल्यावर काय उरतं ते पाहायला आपण थांबत नाही. तो थांबला होता.

दोन वाजता शेवटचा दोना
पायाशी पडला, दिसला कोणा?
मावशी वाकली, काटकोन,
कमरेला वाजतोय घरचा फोन.
हात रबडीत, उचलू कोण?
वाजून वाजून थांबला फोन.
आता लावते, लागत नाही.
शहराचा नंबर लागला बाई,
तिचा नंबर लागत नाही.

मी दोनदा वाचलं. अन्याय नाही, व्यवस्था नाही, लढा नाही, सरकार नाही. निरोष्ठ. आणि ‘नंबर लागणे’ हा वाक्प्रचार, जो मी रेशनच्या रांगेपासून दवाखान्यापर्यंत आयुष्यभर वापरला, तो असा तिन्ही बाजूंनी उघडून ठेवलेला मी पाहिला नव्हता. स्पर्धेत नंबर लागतो. रांगेत नंबर लागतो. फोनचा नंबर लागतो, किंवा लागत नाही.

आता माझ्याकडे सबब उरली नव्हती. तर मी काय म्हणालो?

“दोना नव्हे, द्रोण.”

“मामा, दोन वाजता दोना. दोन, दोना. द्रोण टाकला तर सगळं सांडेल.”

“आणि फोन-कोण. न आणि ण. हे यमक होत नाही.”

“कानाला होतंय.”

“शुद्ध मराठी कानाला नाही होत.”

हे मी म्हणालो आणि थांबलो. कारण हा आवाज माझा नव्हता. सातवीत असताना पुण्याच्या चुलतभावांकडे गेलो होतो तेव्हा पाणी मागितलं, माझ्या इंदुरी जिभेने ‘पानी’ मागितलं, आणि तो सगळा महिना जेवताना कोणी ना कोणी मला विचारायचं, पानी हवं की पाणी? आजोबांना घरी येऊन सांगितलं तर ते माझ्या बाजूने उभे राहतील असं वाटलं होतं. त्यांनी मला न-ण च्या शंभर जोड्या लिहायला लावल्या. ण नीट उच्चारता येणं हे मराठीत नुसतं उच्चाराचं प्रकरण नाही हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. नाटकात मोलकरणीच्या तोंडी न घातला की प्रेक्षकांत खसखस पिकते. ‘कोन हाय?’ एवढ्यावर माणसाची जात, शाळा, वस्ती ओळखल्याचा आनंद आपण लुटतो. त्या मावशीला विचारलं असतं तर ती ‘कोन’च म्हणाली असती, आणि तिच्या तोंडी हे यमक चोख आहे. माझ्या आजोबांच्या तोंडी ते चुकतं. कोणाच्या तोंडाचं यमक धरायचं, हे ठरवतानाच मी बाजू घेऊन बसलो होतो आणि त्याला व्याकरण म्हणत होतो.

भाच्याने हे असं काही मांडलं नाही. त्याने फक्त विचारलं, “मामा, तुला न खुपतोय की मावशी?”

उत्तर मला माहीत होतं. समितीच्या खोलीत मला जी भीती वाटली होती ती यमकाची नव्हती. कारागिरीचा आग्रह मी मनापासून धरतो, पण त्या दिवशी तो मी छत्रीसारखा उघडला. आता ही वाईट गोष्ट की मुद्दा खरा होता, पहिला मसुदा खरोखर कच्चा होता. त्यामुळे माझी छत्री कोणाला दिसलीच नाही, मला धरून. खोट्या सबबीपेक्षा खरी सबब जास्त टिकते.

राहत इंदौरींना मी दोनदा मुशायऱ्यात ऐकलं आहे. तरुणपणी पाट्या रंगवणारा आमच्या शहरातला हा माणूस, पुढे कॉलेजात उर्दू शिकवायचा. त्यांची ती ‘थोड़ी है’ रदीफ असलेली, म्हणजे शेराच्या शेवटी तेच शब्द फिरून येणारी गझल आता सगळ्या देशाला माहीत आहे. तिच्या एका ओळीचे फलक झाले. पण फलकावर ती ओळ एकटी असते. गझलेत तिच्या आधी जान येते, आसमान येतं, मकान, ज़बान, आणि प्रत्येकामागे तो ‘थोड़ी है’, आपल्या ‘थोडंच आहे’सारखा, खांदे उडवून म्हटलेला. आन-आन करत काफिया, म्हणजे रदीफच्या आधीचं यमक, पुढे सरकतो आणि मग हिन्दोस्तान येतो. येणारच होता; त्याच्या आधीच्या सगळ्या शब्दांनी त्याला वाट करून दिली होती. राहतसाहेब पहिली ओळ तीन-तीनदा म्हणायचे, माणसं दुसरीसाठी पुढे सरकेपर्यंत. ते गेले २०२० साली, ११ ऑगस्टला. ही तारीख भाच्याने लक्षात आणून दिली. हिप-हॉपवाल्यांच्या पंथात तो वाढदिवस असतो.

मी समितीत विषय पुन्हा काढला का? काढला. एका सभासदाला फोन केला, दुसऱ्याला केला, तिसऱ्याने “बघू” म्हटलं. तोवर भाच्याने परस्पर सांगून टाकलं की त्याला तिथे म्हणायचं नाही. गणपतीत त्या चार मिनिटांत एका मुलीने कथक केलं. छान केलं.

त्याने ते म्हटलं नेहरू पार्कात, एका रविवारी संध्याकाळी. आठ-दहा पोरं गोल करून उभी, मध्ये एक छोटा स्पीकर. मी आणि मित्र बाकावर, पोलिसांसारखे दिसत असू. एकेक पोरगं पुढे येत होतं आणि आपल्याइतकं भारी कोणी नाही हे सांगत होतं, हिंदीत. भाच्याची पाळी आली तेव्हा त्याने बीट सावकाश करायला सांगितली. मराठी न येणारी निम्मी पोरं होती. दोन, दोना, कोना, कोन, फोन एवढं त्यांना पोचत होतं आणि त्यांची डोकी हलत होती. शेवटच्या ओळीला कोणी ओरडलं नाही. एकाने शेजारच्याला विचारलं, “क्या बोला?” त्याने सांगितलं. मग तो पहिला म्हणाला, “अरे यार.”

मित्र बाकावरून उठला. मला वाटलं, कामगारांविषयी काही बोलेल. तो म्हणाला, “वन्स मोअर.”

रात्री घरी भाच्याने कागद परत माझ्यापुढे ठेवला. स्वतःहून. मी बराच वेळ पाहत होतो. मग पेन्सिलीने एका शब्दाखाली रेघ मारली.

“‘बाई’ भरीचा आहे. ‘नाही’ला जुळवायला आणलास.”

त्याने माझ्याकडे बघितलं. “यमकाचं बोलतोयस ना मामा? दुसरं काही नाही?”

“यमकाचंच.”

“बाई काढली तर ‘नाही’ एकटं पडतं.”

“पडू दे.”

तो थोडा वेळ ओठ हलवत, बोटांनी ठोके मोजत बसला. मग पेन्सिल घेतली आणि शब्द खोडला.